मी पडले नाही, बसले

२७ डिसेंबर

तुइरे गेली एकदाची. पोटची लेक आहे, जीव आहे माझा तिच्यावर, पण चार दिवसांच्या वर माणसाने माणसाकडे राहू नये. जाताना ही वही देऊन गेली. वर मांजराचं चित्र. "आई, मनातलं लिहीत जा, बरं वाटतं." मनातलंच लिहायचं तर पहिली ओळ ही: मला मांजरं आवडत नाहीत.

दुसरी भेट म्हणजे खिळ्यांचे बूट. म्हातारी बर्फावर घसरू नये म्हणून तळव्यांना टोकं लावलेले. घोडीला नाल ठोकतात ना, तसे. मी ते सरपणाच्या खोपटात माझ्या नवऱ्याच्या, कौकोच्या, मासेमारीच्या जाळ्यांमागे ठेवून दिले. कौको जिवंत असता तर त्याने ते घातले असते आणि वर मलाच विचारलं असतं, हे कोणाचे म्हणून.

तिसरी भेट म्हणजे अट. ऑक्टोबरात माझं मनगट मोडलं तेव्हापासून हिच्या डोक्यात तेच घोळतंय. "या हिवाळ्यात पुन्हा एकदा जरी पडलीस ना, तर वसंतात हे घर विकायचं आणि तू माझ्याजवळ एस्पो शहरात यायचं, सांजतारात." सांजतारा म्हणजे म्हाताऱ्या माणसांची वखार. तिथे खुर्चीत बसून हात वर-खाली करतात आणि त्याला व्यायाम म्हणतात. खिडकीतून गाड्या ठेवायची जागा दिसते.

मी रागाच्या भरात "कबूल" म्हणून बसले. मी मूळची पश्चिमेकडच्या मैदानातली. आमच्याकडे शब्द दिला की दिला. इथे पूर्वेकडे सावो प्रांतात तसं नाही. इथला माणूस बोलला की अर्थ लावायची जबाबदारी ऐकणाऱ्याची, असं तेच अभिमानाने सांगतात. कौकोने मला मागणी घातली तीसुद्धा अशी: "आमच्या होडीला वल्ह्यांच्या दोन जोड्या आहेत." मी म्हटलं, "एक विकून टाक." बिचाऱ्याचं त्यात एक अख्खं वर्ष गेलं.

मला इथून जायचं नाही. हे झालं मनातलं. लिहिलं. काही बरंबिरं वाटलं नाही.

३० डिसेंबर

पेपर आणायला गेले. टपालाच्या पेट्या हमरस्त्यावर, सगळ्या वाडीच्या एका रांगेत. तिथवर गाडीरस्ता आहे, पण तो तळ्याला वळसा घालून उगाच लांबतो. मी जंगलातूनच जाते. पन्नास वर्षं जातेय. ती पायवाट माझ्याच पायांनी झालीय, आणि तीच आता वैरी झालीय: बाजूचा बर्फ मऊ राहतो, पण वाट दाबून दाबून घट्ट होते, जरा ऊन-पाऊस झाला की वितळते, मग गोठते, आणि स्प्रूसच्या झाडांच्या गर्दीतून काचेचा एक पट्टा जातो. चालायला तोच, आपटायलाही तोच.

परतताना ओइवा भेटला. वाटेच्या पलीकडे राहतो. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. नोकरीत असताना रस्त्यांवर खडी टाकायचा ट्रक चालवायचा, त्यामुळे बर्फाबद्दल मत विचारलं की पाद्र्यासारखा गंभीर होतो.

"निसरडं आहे असं म्हणता येईल, हिल्का," म्हणाला.

"म्हण की मग."

"म्हणता येईल, असं म्हटलं."

मला एक पक्कं ठाऊक आहे. तुइरेने नाताळात त्याला आपला फोन नंबर दिला. मी खिडकीतून पाहिलं. म्हणजे हेर नेमलाय. नेमायचा तर जरा बोलका तरी नेमायचा.

२ जानेवारी

आज कवटीचं हवामान. बर्फावर पाणी साचलं की आम्ही असंच म्हणतो, कारण शेवटी कवटीच आपटते. रेडिओवाली गोड आवाजात म्हणाली, "गरज नसेल तर बाहेर पडू नका." बाहेर पडत नाही बाई, बाहेर जाते. पडायची मला बंदी आहे.

मोठ्या धोंड्यापाशी उतार आहे. तिथे माझे पाय माझ्या आधी खाली गेले. मी मागे राहिले, आणि मग बसले.

बसले. मुद्दाम लिहून ठेवते. पडणं वेगळं. माझे वडील पडले. चर्चजवळच्या दगडावर त्यांचं नाव आहे, आणि वर कोरलंय, "देशासाठी पडलेले." मी तेव्हा पाळण्यात होते. पडणं म्हणजे ते. त्यानंतर आमच्या घराण्यात कोणी पडलेलं नाही. मी फक्त मनात नसताना, जरा घाईने, खाली बसले. बूड काळंनिळं झालंय, पण ते एस्पोपासून दिसत नाही.

पन्नास वर्षं सावोत काढली, त्याचा एवढा तरी उपयोग व्हायलाच हवा.

७ जानेवारी

पुन्हा तिथेच, त्याच उतारावर. या वेळी नुसती बसले नाही, बसून घसरत पार खालपर्यंत गेले. टोपी एकीकडे, पेपर दुसरीकडे. मान वर करते तर समोर ओइवा उभा!

संपलं सगळं, म्हटलं. आता हा घरी जाणार आणि फोन लावणार. वसंतात घराला गिऱ्हाईकं, आणि मी सांजतारात हात वर-खाली करतेय.

ओइवा मात्र वर झाडाकडे बघत होता, तोंड उघडं टाकून.

"काय बघतोयस?" मी खालूनच ओरडले.

"सुतारपक्षी. काळा. मोठा आहे." मग नजर वरच ठेवून, "मघापासून त्याच्याकडेच बघतोय. दुसरं काहीच पाहिलं नाही मी."

मी उठले, कपडे झटकले, वर पाहिलं. पक्षीबिक्षी काही नव्हता. डोळे गेलेत बिचाऱ्याचे. असल्या आंधळ्याला हेर नेमलाय आमच्या तुइरेने!

पेपर त्याने उचलून दिला. म्हणाला, "लास्कियाइनेनला अजून वेळ आहे, पण जवस आत्ताच उंच आलंय." म्हणजे मला टोमणा. आमच्याकडे लास्कियाइनेनला, म्हणजे लेंटच्या उपवासांच्या आधीच्या मंगळवारी, टेकडीवरून घसरतात. जो सगळ्यांत लांब घसरत जाईल त्याचं जवस यंदा सगळ्यांत उंच. आता जवस कोणीच पेरत नाही, तरी "जवस उंच येऊ दे!" म्हणून ओरडतात सगळे. पण मग, घसरताना पाहिलंच नाही तर टोमणा कसा मारला? सावोच्या माणसाशी डोकं लावू नये. त्यात आपलंच झिजतं.

१० जानेवारी

कोणी मूर्खाने माझ्या वाटेवर राख ओतलीय! उतारावर सगळीकडे, वरपासून खालपर्यंत. इतकं सुंदर पांढरं रान, आणि मधून गाढव लोळल्यासारखा करडा पट्टा. पेट्यांपाशी ओइवा भेटला तेव्हा म्हटलं, "बघितलंस का काय केलंय ते?"

"बघितलं असेल."

"कोणी केलं असेल?"

"कोणीतरी केलं असावं. किंवा नसावं."

मी पेपर काखेत मारला आणि निघाले. पण एक मानते, परतताना चढाला पाय टिकले. मग डोक्यात प्रकाश पडला. पालिका! ऑक्टोबरात मनगट मोडलं तेव्हा मी पालिकेच्या रस्तेवाल्यांना फोन करून शिव्या घातल्या होत्या, तेव्हा ते म्हणाले होते, जंगलातली वाट आमच्याकडे येत नाही. आता लाज वाटली वाटतं. उशिरा का होईना.

१३ जानेवारी, नूट

आज नूटचा सण, म्हणजे नाताळ संपला. झाड खिडकीतून बाहेर फेकलं, त्याने जाता जाता पडद्याची एक कडी नेली.

राख रोज पडतेय. सकाळी मी निघायच्या आत ताजी. मान्य करते, पालिकेत कोणीतरी माणूस आहे. म्हणून वेलचीच्या पावाची मोठी वेणी भाजली आणि दुधाच्या गाडीवाल्याबरोबर रस्तेवाल्यांकडे पाठवली, आभारांच्या चिठ्ठीसकट. ओइवा नेमका त्याच वेळी अंगणात उभा होता.

"वास चांगला येतोय," म्हणाला.

"तुझ्यासाठी नाही. पालिकेला."

"पालिकेला?"

"राखेबद्दल. चांगलं काम केलं की चांगलं म्हणावं."

त्याने ती गाडी दिसेनाशी होईपर्यंत पाहिली. मग बराच वेळ बर्फात बुटाचं टोक खुपसत राहिला. शेवटी म्हणाला, "सौना शनिवारी तापवतोच मी. एकाला तापवली काय, दोघांना तापवली काय, लाकडं तेवढीच लागतात."

"मग कमी तापव. लाकडं फुकट घालवतोस."

"तसंही करता येईल," म्हणाला आणि गेला. मध्येच त्या वाफाऱ्याच्या न्हाणीचा आणि लाकडांचा हिशेब कशाला काढला, कोण जाणे. वय झालं.

१६ जानेवारी

पालिकेतून फोन. पाव फार छान होता म्हणे. कशाबद्दल होता ते त्यांना कळलं नाही, पण विचारायच्या आत संपला.

विनय आहे माणसांत.

२५ जानेवारी

दिवसभर पाऊस. जानेवारीत पाऊस म्हणजे देवाला झोप लागलीय. संध्याकाळी वारा उत्तरेकडे फिरला आणि सगळं थिजायला लागलं. खिडकीबाहेरच्या बर्चच्या फांद्या एकमेकींवर वाजताहेत, फडताळातल्या कपबशांसारख्या.

तुइरेचा फोन आला होता. "आई, उद्या घरातच राहा. एका दिवसाचा पेपर नाही वाचला तर काय होतं?"

काय होतं ते तिला कसं सांगू? एक दिवस नाही गेले की दुसऱ्या दिवशी भीती वाटते. तिसऱ्या दिवशी सवय होते. चौथ्या दिवशी मी खुर्चीत हात वर-खाली करत असेन, एस्पोला न जाताच. मला खरंच भीती वाटते. बर्फाची नाही, त्या खुर्चीची.

तिला म्हटलं, "बघू." सावोचं पाणी आता माझ्या अंगातही मुरलंय.

२६ जानेवारी

आजचं आजच लिहिते.

उजाडल्यावर निघाले. अंगणातच कळलं, आजचं प्रकरण वेगळं आहे. प्रत्येक झाड, प्रत्येक काडी, कुंपणाची तारसुद्धा काचेत बुडवून काढलेली. रान इतकं देखणं दिसत होतं की रागच आला. असलं देखणं काहीच बरं नसतं.

आणि वाटेवर राख नाही! आजच्या दिवशी! पालिकेच्या नावाने बोटं मोडत मी या खोडाला मिठी मार, त्या खोडाला मिठी मार, अशी पुढे सरकत होते. उभ्या आयुष्यात नवऱ्याला एवढ्या मिठ्या मारल्या नाहीत.

उताराच्या वरच्या टोकाला पोहोचले तर खाली धोंड्यापाशी एक बादली कलंडलेली, राखेचा मोठा डाग, आणि डागाच्या पलीकडे ओइवा, आकाशाकडे तोंड करून.

"ओइवा! तिथे काय करतोयस?"

"बसलोय."

"आडवा?"

"जरासा."

मी बसून खाली गेले. आज मात्र मुद्दाम, देवाशप्पथ. त्याचा एक पाय भलतीकडेच वळला होता. चेहरा मेणासारखा झालेला, आणि भुवयांवर बर्फ.

"दुखतंय?"

"दुखत नाही असं म्हणता येणार नाही."

सावोच्या माणसाने एवढं म्हटलं म्हणजे जीव चाललाय असं समजायचं. मी बादलीकडे पाहिलं, राखेकडे पाहिलं, त्याच्या काळ्या झालेल्या हातमोज्यांकडे पाहिलं.

"आणि पालिका?" मी विचारलं.

"पालिका आज जरा आडवी झालीय."

मेल्या! अर्धा महिना राख टाकतोस, आणि माझी अख्खी पावाची वेणी डोळ्यांसमोर दुसऱ्यांच्या घशात जाऊ देतोस! हे मी त्याला मोठ्याने म्हटलं. तो म्हणाला, "राख माझी आहे का, असं कोणी विचारलं नाही."

फोन ना त्याच्याकडे, ना माझ्याकडे. माझा घरी, डबलरोटीच्या डब्यावर, कारण खिशात फोन बाळगणाऱ्या म्हाताऱ्या मला आवडत नाहीत. स्वतःचा कोट काढून त्याच्यावर घातला, शाल डोक्याखाली सरकवली. मोज्यांच्या दोन जोड्या होत्या पायांत; वरची लोकरीची जोडी काढून बुटांवरून चढवली. बर्फावर लोकर जरा तरी धरते. बादलीच्या तळाशी राख उरली होती.

"ती तुझ्या पायांखाली टाक," ओइवा म्हणाला. "माझ्यावर नको. मी अजून गेलेलो नाही."

मूठ मूठ राख पुढे फेकत मी चढ चढले. राख संपली अंगणापाशी. आणि तिथे, माझ्या स्वतःच्या पायऱ्यांसमोर, मी पडले.

पडले. इथे दुसरा शब्द चालत नाही. मी पालथी होते, आणि पालथ्या माणसाला बसलेलं म्हणता येत नाही. हनुवटी फुटली, तोंडात रक्त आलं. बर्फाला गाल लावून मी क्षणभर तशीच राहिले आणि मनात आलं, झालं, गेलं घर. मग आठवलं, तो तिकडे गोठतोय. पायऱ्यांपर्यंत चारी पायांवर रांगत गेले. बघायला कोणी नव्हतं. असतं तरी रांगले असते.

रुग्णवाहिकेला फोन केला. पलीकडची बाई म्हणाली, पाठवतो, पण तुमच्या रस्त्यावर पुढे खडीचा ट्रक घातल्याशिवाय गाडी टिकणार नाही, वेळ लागेल, त्यांना उबेत ठेवा, हलवू नका. मग मी खोपटात गेले, कौकोची जाळी उपसली आणि ते खिळ्यांचे बूट घातले. घोडीने शेवटी नाल चढवले. आणि काय सांगू, खोडाला सुतारपक्षी धरतो ना, तसे धरतात ते! कोणाला सांगणार नाही.

पायाने रेटायच्या बर्फगाडीवर मेंढीचं कातडं, दुलई, कॉफीचा थर्मास आणि वेलचीचा पाव टाकला, आणि पुन्हा उतारावर गेले. ओइवाने डोळे मिटले होते. मी माझ्या सगळ्या आयुष्यात इतकी घाबरले नव्हते. "ओइवा!" म्हणून किंचाळले.

"आहे, आहे," म्हणाला. "सुतारपक्षी ऐकत होतो."

त्याच्या भोवती कातडं, दुलई, आणि शेजारी मी. कॉफी झाकणातून थोडी थोडी पाजली. पावाचा तुकडा भरवला. तो बराच वेळ चघळत राहिला.

"पालिकेला आवडला," म्हणाला.

"का करत होतास हे सगळं?"

"चुलीतली राख कुठे ना कुठे टाकावीच लागते."

हे मात्र खरं आहे. पण एवढ्या लांब बादली वाहत आणायची काय गरज होती, त्याच्या परसात काय जागा कमी आहे? विचारणार होते, पण तो थडथडायला लागला, म्हणून हात हातात घेऊन चोळत बसले. ट्रकचा आवाज येईपर्यंत चोळत होते. नंतरही सोडायचं राहून गेलं.

रुग्णवाहिकेतला पोरगा माझ्याकडे बघून म्हणाला, "आजी, तुम्हीपण पडलात का?"

"आजी? तुझ्या आजोबांशी माझं लग्न झाल्याचं मला आठवत नाही."

त्याने मुकाट्याने हनुवटीला पट्टी लावली.

२७ जानेवारी

अंग असं दुखतंय की कुठे दुखत नाही तेच सोपं सांगता येईल: कानाला.

पलीकडच्या घरातून धूर नाही. खिडकीतून सारखं तिकडेच लक्ष जातं. सवयीचा भाग.

२९ जानेवारी

शहरात, दवाखान्यात. ओइवाच्या खुब्यात खिळे घातलेत. म्हणजे आता दोघेही खिळेवाले. तुइरे थेट एस्पोहून आली होती. मला वाटलं मला भेटायला, तर फुलं त्याला! मग तिचं लक्ष माझ्या हनुवटीकडे गेलं.

"आई, हे काय?"

मी तोंड उघडलं. खोटं बोलायला उघडलं की खरं बोलायला, ते मलाही ठाऊक नव्हतं. पण पलंगावरून आवाज आला. औषधाने जीभ जड झालेली, तरी स्पष्ट.

"पडलो मी. हिल्का माझ्याशेजारी येऊन बसली."

तुइरेने फुलं पाण्यात ठेवली. बाहेर आल्यावर म्हणाली, "आई, मी दर रविवारी त्यांना फोन करते. महिनाभर एकच उत्तर: हिंडते, बोलते, मधूनमधून बसते. मला वाटलं, तू थकत असशील."

असला निकामी हेर मी जन्मात पाहिला नाही.

पण लेक माझी आहे, सहजासहजी सोडत नाही. "सुट्टीत येते मी," म्हणाली. "सांजतारात एक खोली रिकामी झालीय. तेव्हा समोरासमोर बोलू. आणि नीट उत्तर दे, सावोतलं नको." खोली रिकामी झाली म्हणजे कशी झाली, ते मी विचारलं नाही. तेवढं मलाही कळतं.

१४ फेब्रुवारी

ओइवाला घरी आणून सोडलं. चाकांची चौकट धरून चालतो, गोगलगाईच्या वेगाने. त्याच्या दारापासून माझ्या दारापर्यंत मी राखेचा पट्टा टाकला. त्याच्या खुब्यात खिळे आहेत, पण तळपायाला नाहीत. शिवाय तो माझ्याकडे जेवायला आला नाही तर मला डबा घेऊन जावं लागेल, आणि मी काय मोलकरीण आहे?

त्याने पट्ट्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "पालिका सुधारलीय."

आज मित्रदिन, आमच्याकडे याच दिवशी एकमेकांना कार्डं देतात. त्याने मला एक कार्ड दिलं, दवाखान्याच्या दुकानातलं. वर मांजर. आत काहीच लिहिलेलं नाही. म्हटलं, "लिहायचं विसरलास." म्हणाला, "विसरलो असं नाही म्हणता येणार." कोरं कार्ड म्हणजे पैशाचा अपव्यय. फडताळावर ठेवलंय.

१७ फेब्रुवारी, लास्कियाइनेन

तुइरे दुपारी येणार होती. सकाळपासून वाटाण्याचं सूप शिजत होतं. त्याच्या वाफेत मी मनातल्या मनात भाषण घोकत होते: मी अजून धडधाकट आहे, माझं घर माझं आहे, वगैरे. शब्द दिला होता, आणि पडले होते. आमच्या मैदानी माणसाला हे गिळवत नाही. शेवटी ठरवलं, सूप झाल्यावर सांगून टाकायचं. पडले म्हणून. मग जे होईल ते होवो.

ओइवाला सुपाला बोलवायचं होतं. रात्री भुरभुर बर्फ पडून राखेचा पट्टा झाकला होता, म्हणून बादली घेतली. दोन पावलांवर तर जायचं, म्हणून खिळ्यांचे बूट घातले नाहीत. तिथेच शेण खाल्लं.

अंगणाच्या उतारावर पाय सुटले. मी एकीकडे, बादली दुसरीकडे, राख सगळीकडे, आणि मी घसरत घसरत फाटकापर्यंत गेले. थांबले ती नेमकी दोन शहरी बुटांसमोर. मान वर केली. तुइरे. हातात सांजताराच्या कागदांची पिशवी.

रान असं शांत की सूप उकळल्याचं ऐकू आलं असतं.

"आई," ती म्हणाली. "पडलीस?"

डोळ्यांत पाणी आलं, मेलं. एवढा हिवाळा ओढत ओढत आणला, आणि शेवटी ऐन दारात.

तेवढ्यात वरून, आपल्या पायरीवरून, चौकटीवर रेलून ओइवा म्हणाला, "मी काहीच पाहिलं नाही. मी सुतारपक्ष्याकडे बघत होतो."

तुइरेने वर झाडाकडे पाहिलं. मग ओइवाकडे. मग खाली, त्याच्या दारापासून माझ्या दारापर्यंत बर्फातून डोकावणाऱ्या त्या करड्या पट्ट्याकडे. तिकडे ती फार वेळ बघत राहिली. एवढं काय बघायचं राखेत, मला कळेना. कौको काही सांगायचा तेव्हा ऐकताना ही लहानपणी असाच चेहरा करायची.

मग पिशवी तिने फाटकावर अडकवली. उतार चढून वर गेली. आपला तो महागडा काळा कोट घालून बर्फात खाली बसली, आणि "जवस उंच येऊ दे!" म्हणून ओरडत जी घसरली, ती थेट माझ्या अंगावर.

दोघी फाटकाला टेकून हसलो. पोट दुखेपर्यंत. ती थोडी रडलीसुद्धा, पण मी झाडाकडे बघितलं.

"तूच जास्त लांब गेलीस, आई," ती म्हणाली. "मोजलं तर."

"मग खोलीचं काय?" मी विचारलं.

"कुठली खोली?" ती म्हणाली. बापाची लेक.

सूप तळाला लागलं. तिघांनी मोहरी घालून सगळं संपवलं. ओइवाने तीनदा घेतलं आणि म्हणाला, वाईट नाही. तुइरे म्हणाली, आई, हे त्यांच्याकडून फार मोठं आहे. मी म्हटलं, लागलं होतं, हे त्यालाही कळलं, एवढंच. सांजताराची पिशवी फाटकावरच राहिली. आत्ता खिडकीतून पाहिली, तिच्यावर बर्फ साचलाय. कोणी आणायला गेलं नाही.

एक अडचण आहे. बादली सांडली, राख सगळी गेली. माझी चूल छोटी, तिच्यात पुरेशी होत नाही, आणि ओइवाला अजून लाकडं उचलता येत नाहीत. म्हणजे शनिवारी त्याची सौना मलाच तापवावी लागणार. तुइरे म्हणाली, "तापव की. दोघांना लाकडं तेवढीच लागतात." हे हिला कोणी सांगितलं?

जाईन. पण राखेसाठी.